इन म्हणजे नाही

हातखंब्याच्या तिठ्यावरून रत्नागिरीकडे वळताना पुढे पेट्रोलचा टँकर आला की मी रिक्षातून बाहेर बघायला लागते. बाहेर बघण्यासारखं काही नसतं. कातळ, चिऱ्यांची खाण, हॉटेलांच्या पाट्या. पण टँकरच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेला तो शब्द मला वाचायचा नसतो. रिक्षावाला नेमका त्याच्या मागेमागेच राहतो, आणि मग मी चिडते. "काढ की रे पुढे, काय त्याच्या शेपटीला धरून चाललायस?" तो म्हणतो, "बाई, वळण आहे." वळण असतंच. कोकणात बिनवळणाचा रस्ता आहे कुठे?

हायली इन्फ्लेमेबल. तो शब्द मी आयुष्यभर टँकरवर पाहिला, आणि टँकरवर आहे म्हणजे पेट घेणाऱ्या मालाबद्दलच असणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मी तर बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. पाचवी ते सातवी, मराठी शाळेत. पण खरं सांगायचं तर तो शब्द मी कधी वाचलाच नव्हता. बघितला होता फक्त. जो शब्द रोज दिसतो त्याचा अर्थ आपल्याला येतो असं आपण धरून चालतो, आणि मी तर सगळंच धरून चालणारी बाई.

माझ्या स्वभावाचं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे गैरसमज नको. राग नाकावर. चूक दिसली की मला ती सुधारल्याशिवाय राहवत नाही, मग ती लग्नपत्रिकेतली असो नाहीतर दुकानाच्या पाटीवरची. आणि कौतुक करायला माझी जीभ रेटत नाही. शाळेत पोरं म्हणायची, बाई 'बरं' म्हणाल्या की समजायचं पैकीच्या पैकी. 'शाब्बास' हा शब्द मी वर्गात वापरला असेन तर मला आठवत नाही. मला वाटायचं, बरोबर उत्तर देणं हे पोरांचं कामच आहे, त्यात पाठ काय थोपटायची.

आमच्या घरामागे चिऱ्यांचा गडगा आहे. कमरेएवढी भिंत, मातीचुना न लावता नुसते दगड रचलेली. पलीकडे भाभीचं घर. भाभी माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी लहान. तिचा नवरा कुवेतला होता, एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, आणि दोन वर्षांतून एकदा दीड महिना यायचा. घरी ती आणि म्हातारी सासू. ह्या बाजूला मी आणि माझी मुलगी. आमचे हे मुलगी तिसरीत असतानाच गेले, त्यामुळे दोन्ही घरांत पुरुषाची चप्पल दारात नसायची. गडग्यावरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. माझ्याकडून सांदणं, तिच्याकडून मुळ्यांचं, म्हणजे खाडीतल्या शिंपल्यांचं सुकं, आणि ईदच्या दिवशी शिरखुर्म्याचं भांडं.

भाभीची खरी ओळख म्हणजे तिचा हात. आमच्या वाडीत, पार राजिवड्यापर्यंत, लग्नाची मेंदी म्हणजे भाभी. कोन हातात धरला की ती बोलायची नाही. कागदावर आधी काढून बघणं नाही, पुसणं नाही. मनगटापासून सुरुवात करून बोटांच्या टोकांशी पोचायची ती एका दमात. हिंदूंच्या घरांतही तिलाच बोलावणं. माझी मुलगी दहावीत होती तेव्हाच तिने सांगून ठेवलं होतं, "हिच्या लग्नाला दुसऱ्या कुणाचा हात लावायचा नाही हां बाई. मना सांगायचं." ती 'मला' म्हणत नसे, 'मना' म्हणायची, त्यांच्या बोलीत तसंच आहे. मी तेसुद्धा आधी सुधारायला गेले होते. मग माझं मलाच बरं वाटलं नाही, म्हणून सोडलं.

इंग्रजी शिकायचं तिनेच काढलं. कुवेतहून कार्गोचा खोका यायचा. त्यात दुधाची पावडर, साबण, बदाम, अत्तर, घोंगड्या, कसले कसले डबे. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. अरबी अक्षरं तिला लहानपणापासून वाचता येत, कुराण वाचलेलं. पण अर्थ कळत नसे, तो मोठ्यांना विचारायचा. ती म्हणायची, "अक्षर आपण चुकवायचं नाही, एक नुक्ता इकडचा तिकडे झाला तरी गुन्हा. अर्थ सांगणारे सांगतात." तसंच तिने इंग्रजीचं धरलं. अक्षरं मी वाचीन, अर्थ बाई सांगतील.

आणि खोके हे निमित्त. मनात तिच्या वेगळंच होतं. ते तिने मला एकदा हळूच सांगितलं. तिला एकदा एकटीने कुवेतला जायचं होतं. मुंबईच्या विमानतळावर आत शिरल्यापासून तिथे नवरा दिसेपर्यंत, मधे कुणालाही काही न विचारता. "पाट्या वाचत वाचत जाईन बाई. ह्यांना पण बघू दे." नवरा व्हिसाचं बघतो म्हणाला होता. म्हणजे नुसता विचार नव्हता तो, ठरत आलेलं होतं.

मग दुपारी चार वाजता मी माझ्या मागच्या दाराच्या पायरीवर आणि ती गडग्याच्या पलीकडे दगडावर, अशी आमची शाळा. मोबाईल तिच्याकडे होता. माझी मुलगी तिला म्हणालीही, "भाभी, मोबाईलला विचारलंस की तो शब्द वाचून दाखवतो, अर्थ पण सांगतो." भाभी म्हणाली, "ती मोबाईलमधली बाई घाईत असते गो. मना आपल्या बाईंचंच कळतं." मी वरवर काही बोलले नाही. आतून सुखावले होते, आता कशाला लपवू.

तिला मी उपसर्ग शिकवले ते असेच. 'इन' पुढे लागला की अर्थ उलटा. करेक्ट, इनकरेक्ट. कम्प्लीट, इनकम्प्लीट. व्हिजिबल, इनव्हिजिबल. "इन म्हणजे नाही," असं मी तिच्याकडून घोकून घेतलं. ती भाकऱ्या थापताना म्हणायची, इन म्हणजे नाही, इन म्हणजे नाही. तिची सासू विचारायची, "काय नाही गो? पीठ नाही?" आम्ही दोघी हसायचो.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी असेल, कारण आंब्याला कैऱ्या धरल्या होत्या आणि मी सातवीच्या चाचणीचे पेपर तपासत होते. नोकरीचं माझं शेवटचं वर्ष. प्रश्न होता, उपसर्ग लावून विरुद्धार्थी शब्द लिहा. आणि एकाही पोराला धड येत नव्हतं. कुणी 'अनकरेक्ट', कुणी 'नॉटकरेक्ट', एकाने तर सरळ 'राँग' लिहून दिलेलं. माझं डोकं भणाणलं होतं. वर्षभर घसा कोरडा करून हे फळ.

तेवढ्यात गडग्यापलीकडून भाभीची हाक. कार्गोचा खोका सकाळी फोडला होता. त्यात मुंग्यांवर मारायचा फवारा होता, दाबला की फुस्स करून उडतो तसला डबा. तिच्या ओट्यावर मुंग्यांनी रांग लावली होती. "बाई, अर्थ विचारायचाय. पण आधी मना वाचू द्या." आणि ती एकेक अक्षर वाचायला लागली. एच, आय, जी, एच, एल, वाय. "हायली. म्हणजे खूप." मी पेपरातून मान वर न करता म्हटलं, "हं." मग आय, एन, एफ, एल, ए, एम, एम...

मी नीट ऐकत नव्हते. माझा लाल पेन 'नॉटकरेक्ट'वर थांबला होता.

ती थांबली, आणि मग तिने माझ्याआधीच सोडवलं. "फ्लेम म्हणजे ज्योत. एबल म्हणजे होण्यासारखं. आणि इन म्हणजे नाही. म्हणजे बाई, अजिबात पेट न घेणारं. होय ना?"

चाळीस पोरांना वर्षभरात जे जमलं नाही ते ह्या बाईने भाकऱ्या थापता थापता शिकून घेतलं होतं. माझा ऊर भरून आला. मी म्हटलं, "शाब्बास."

ती हरखली. पण लगेच म्हणाली, "पण बाई, बाजूला एवढंसं आगीचं चित्र आहे." हा तिचा खरा प्रश्न होता. तिला काहीतरी खटकलं होतं. चार पावलं चालून गेले असते, डबा हातात घेतला असता, तरी पुरलं असतं. डिक्शनरी घरात शेल्फवर होती. पण मला माझ्या शाब्बासवर शंका आवडली नाही. मी म्हटलं, "अगं, नाही सांगायला चित्र काढावंच लागतं ना? धूम्रपान करू नये ह्या पाटीवर विडी काढलेली असतेच की." ती खळखळून हसली. "तुमचं डोकं म्हणजे ना बाई," म्हणाली आणि आत गेली. मी आपल्या पेपरांत परत डोकं घातलं. स्वतःवर खूश होते मी त्या वेळी. तेच मला अजून सहन होत नाही.

पाच मिनिटं झाली असतील. आधी भपकन असा आवाज, मग भाभीचं ओरडणं, मग सासूचं. मी गडग्यावरून कशी गेले ते मला माहीत नाही, त्या वयात मी भिंतीवरून उडी मारणारी बाई नव्हे. ओट्यावर गॅस चालू होता, बिडाच्या तव्यावर घावन जळत होतं. मुंग्या शेगडीच्या पायाशीच होत्या, आणि तिथेच तिने फवारा धरला होता. जाळ फवाऱ्यावरून उलटा तिच्या हातावर आला होता. उजवा हात. ओढणीने पेट घेतला होता, ती तिने स्वतःच कळशीत कोंबून विझवली. मी गॅस बंद केला, तिचा हात नळाखाली धरला. ती रडत नव्हती, दात वाजत होते फक्त. माझ्या मुलीने रिक्षा आणली. तिने भाभीला धरून बाहेर नेलं, सासू मागून गेली.

मी दार ओढून घ्यायला मागे राहिले. डबा खाली पडलेला होता, ओट्याच्या कोपऱ्यात. मी उचलला आणि पहिल्यांदा वाचला. हायली इन्फ्लेमेबल. लाल अक्षरांत, टँकरवर असतं तसंच. तो शब्द बघितल्याबरोबर मला कळलं. डिक्शनरी लागली नाही, काही नाही. हातखंब्याचा तिठा डोळ्यांपुढे उभा राहिला.

आणि मी तो डबा पिशवीत घातला.

का घातला? मी मनाला शंभर उत्तरं दिली आहेत. परत उडू नये म्हणून, सासूच्या हाती लागू नये म्हणून. सगळी थापाडी उत्तरं. मला तो कुणी वाचायला नको होता, एवढंच. घरी आणून कपाटात साड्यांच्या मागे ठेवला.

दवाखान्यात तिला तीन आठवडे ठेवलं. हात वाचला. पण जखमा भरताना कातडी आखडली आणि अंगठ्याशेजारची दोन बोटं आत वळली ती वळलीच. डॉक्टरांनी व्यायाम सांगितले, ते तिने इमानाने केले, रबरी चेंडू दाबत बसायची. ताटलीतला भात खाण्यापुरता हात आला. कोन धरण्यापुरता नाही आला.

मी रोज डबा घेऊन जायचे, जेवणाचा. एकदा मी बसलेली असताना नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. मी खाटेच्या ह्या अंगाला, त्याला दिसत नव्हते. आधी तो रडला, मग चिडला. दूर असलेल्या माणसाला दुसरं काय करता येतं? म्हणाला, "ठळक लिहिलेलं असतं त्यावर, पेट घेतं म्हणून. मी स्टोअरमध्ये रोज बघतो तो शब्द. दोन वर्षं इंग्रजी शिकतेस म्हणतेस, आणि एक शब्द वाचता आला नाही तुला?" भाभी म्हणाली, "माझं चुकलं वाचायला." तो म्हणाला, "मग विमानतळावर काय वाचणारेस? राहू दे ते आता."

मी तिथे बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. शब्द तिने बरोबर वाचला, चुकीच्या अर्थाला शाब्बास मी म्हटलं. एवढंच. मी पोळीचा तुकडा मोडला आणि तिच्या तोंडाशी धरला. मनात म्हटलं, आत्ता तो तापलेला आहे, उगाच शेजारात वाकडं यायचं, मग बघू. तिने तो तुकडा खाल्ला. मला वाटलं, तिला सगळं आठवतंय आणि ती मला पाठीशी घालतेय. ते मला जास्तच लागलं. आणि गंमत बघा, लागलं म्हणून मी अधिकच गप्प बसले.

त्या संध्याकाळी मी डिक्शनरी उघडली. ह्या शब्दातला 'इन' हा नाही म्हणणारा 'इन' नाहीच मुळी. तो 'आत' ह्या अर्थाचा. इन्फ्लेम म्हणजे पेटवणं, त्यावरून इन्फ्लेमेबल, पेटण्याजोगं. नुसतं फ्लेमेबल म्हटलं तरी अर्थ तोच. माझ्यासारखे शहाणे 'इन'ला नाही समजून घात करून घेतात, म्हणून हल्ली फ्लेमेबलच लिहावं म्हणतात. पेट न घेणारं असेल तर नॉनफ्लेमेबल. मराठीत किती सरळ आहे, ज्वालाग्राही. ज्वाळा घेणारं. घोकायलाच नको. खाली दुसरा अर्थ दिला होता, माणसाबद्दल वापरतात तो. चटकन भडकणारा. तो वाचला आणि मी पुस्तक मिटलं.

घरी आल्यावर चार वाजता भाभी काही दगडावर बसायला आली नाही. मी दोन-चारदा हाक मारली. ती म्हणायची, "नको बाई. माझ्या डोक्यात जात नाही ते. उगाच तुमचा वेळ." मी फार आग्रह केला नाही. मला आग्रह करता येतो, मी कुणालाही घोड्यावर बसवीन. पण तिच्यापुढे बसून परत 'इन म्हणजे नाही' म्हणायची माझी छाती नव्हती. व्हिसाचं पुढे कुणी बोललंच नाही. मी सेवानिवृत्त झाले. वाट्या गडग्यावरून जात-येत राहिल्या, ती डाव्या हाताने धरायची. आणि गेल्या वर्षी नवरा नोकरी सोडून कायमचा परत आला. आता तिने एकटीने कुठे जायचं, आणि कुणाकडे?

ह्या मे महिन्यात माझ्या मुलीचं लग्न झालं. मेंदीला साळवी स्टॉपकडची एक मुलगी बोलावली होती. भाभी शेजारी पाटावर बसून तिला सांगत होती, "पान जरा बारीक काढ. इथे जागा सोड, श्वास घेऊ दे." उजवा हात ओढणीखाली. तेवढ्यात तिचा नवरा आंब्याची पेटी घेऊन आला. माणूस गमत्या, चार बायका दिसल्या की बोलल्याशिवाय राहवत नाही त्याला. माझ्या विहीणबाईंनी सहज विचारलं, ह्यांच्या हाताला काय झालं? तो म्हणाला, "अहो, आमच्या मॅडमनी हिला इंग्रजी शिकवलं. ही एवढी शिकली, एवढी शिकली, की 'पेट घेतं' असं लिहिलेलं वाचून फवारा जाळावर धरला." सगळ्या हसल्या. हसणाऱ्यांना काय माहीत.

भाभीही हसली. मी तिच्याकडे बघत होते. ती हसली आणि ओढणी हातावर आणखी ओढून घेतली.

तेव्हा तरी बोलायचं. वीस बायका होत्या, ज्यांच्यापुढे ती मूर्ख ठरली होती त्याच. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं आधण ठेवलं. विहीणबाई नवीन, मुलीचं लग्न तोंडावर, सासरच्यांपुढे शोभा नको, असं मनाशी म्हटलं. मला कारणं कधी कमी पडली नाहीत.

लग्न पार पडलं. मुलगी सासरी गेली. घर रिकामं झाल्यावर चौथ्या दिवशी मी कपाट आवरायला घेतलं आणि साड्यांच्या मागे डबा हाताला लागला. मी तो तसाच हातात घेऊन पलीकडे गेले. पुढच्या दाराने गेले, रस्त्यावरून, पाहुण्यासारखी.

पडवीत तिचा नवरा पेपर वाचत होता. ती खाली बसून डाव्या हाताने तांदूळ निवडत होती. मी डबा दोघांच्या मधे ठेवला. उभ्यानेच बोलले, बसले असते तर बोलता आलं नसतं. "त्या दिवशी हिने मला अर्थ विचारला होता. हिने शब्द बरोबर वाचला. चुकीच्या अर्थाला मीच शाब्बास म्हटलं. चित्राबद्दलही हिने विचारलं, तेही मी उडवून लावलं. आणि हा डबा मी उचलून नेला, कुणाला कळू नये म्हणून. चूक माझी आहे, हिची नाही."

त्याने पेपराची घडी घातली. मग म्हणाला, "जाऊ द्या मॅडम. माणसाच्या हातून होतं. एवढ्या वर्षांनी कशाला मनाला लावून घेता?" भला माणूस. एका वाक्यात मला सोडून मोकळा झाला.

भाभीने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती माझ्याकडे बघत होती. मला वाटत होतं तिला सगळं माहीत आहे, ती मला झाकत आली आहे. तसं नव्हतं. ती म्हणाली, "म्हणजे अक्षरं माझी बरोबर होती?"

"हो."

"मना वाटलं, मी तुम्हाला एखादं अक्षर चुकीचं सांगितलं. बाई चुकायच्या नाहीत. माझ्याच तोंडून एखादं अक्षर गळलं असेल, म्हणून तुम्ही त्या अर्थाला होय म्हटलंत." तिने तांदळाचं सूप बाजूला सारलं. "दवाखान्यातून आल्यावर मी हा डबा किती शोधला बाई. ओट्याखाली, अडगळीत, परसात. कुठलं अक्षर चुकलं ते बघायचं होतं एकदा. सापडलाच नाही."



तिने डबा डाव्या हातात घेतला. उजव्या हाताच्या वळलेल्या बोटाने एकेका अक्षराखाली धरत मोठ्याने वाचलं. आय, एन, एफ, एल, ए, एम, एम, ए, बी, एल, ई. सगळी अक्षरं, शेवटपर्यंत. त्या दिवशी मी तिला शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

"बरोबर?" तिने विचारलं.

"बरोबर," मी म्हटलं.

"चार वर्षं मी स्वतःला ढ समजत होते बाई," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "हाताचं जाऊ दे. हात काय, नशिबात होतं म्हणेन. पण हे तुम्ही समोर बसून बघत होतात." आणि तांदळाचं सूप उचलून ती आत गेली. नवरा म्हणाला, "बसा, चहा टाकते ती." तिने चहा टाकला नाही. मी आले तशी रस्त्यावरूनच परत गेले. डबा तिच्याकडेच राहिला.

त्याला आता दोन महिने झाले. वाट्या बंद झालेल्या नाहीत. माझ्याकडून गेलेली वाटी तिच्याकडून रिकामी येत नाही, रीत ती पाळते. दिसली की "बरं आहे ना बाई?" विचारते. पण गडग्याजवळ थांबत नाही.

गेल्या आठवड्यापासून दुपारी चारच्या सुमाराला तिच्या मागच्या दारातून आवाज येतो. ती पुन्हा वाचायला लागली आहे. बिस्किटांचे पुडे, औषधांची खोकी, जे हाती लागेल ते. मी माझ्या पायरीवर बसलेली असते, तिला दिसणार नाही अशी, आणि ऐकते. परवा 'इन्ग्रेडियंट्स'शी अडखळली. आय, एन, म्हणाली आणि थांबली. मग स्वतःशीच पुटपुटली, "इन म्हणजे... नाही, थांब. आधी बघायचं." उत्तर माझ्या तोंडात आलं होतं. घटक, भाभी, घटकपदार्थ, हा इन वेगळा. मी ओठ दाबून धरले. मला कुणी विचारलं नव्हतं.

मग मोबाईलमधल्या बाईचा आवाज आला. तिने शब्द म्हणून दाखवला, मग अर्थ सांगितला, बरोबर सांगितला. भाभीने तिच्या मागून तीनदा म्हटला. तिसऱ्यांदा अगदी स्वच्छ आला. मोबाईलमधली बाई काही शाब्बास म्हणत नाही. मीही एकदाच म्हटलं होतं.